घरगुती शुश्रूषा आणि कामगार तपासणी (कसबा पेठ, पुणे)

आजारी, अपंग वा वयोवृद्ध व्यक्तीची तिच्या राहत्या घरी मोबदला देऊन करवून घेतलेली देखभाल म्हणजे घरगुती शुश्रूषा, तर कामगार कायदे पाळले जातात की नाही हे सरकारी अधिकाऱ्याने कामाच्या जागी जाऊन, हजेरीपट व वेतनपत्रक तपासून आणि कामगारांशी बोलून पाहण्याची व्यवस्था म्हणजे कामगार तपासणी. पुण्याच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक असलेल्या कसबा पेठेत, जिथे उरलेल्या वाड्यांत आणि वाडे पाडून बांधलेल्या इमारतींत मुले परगावी वा परदेशी असलेले अनेक वृद्ध राहतात, तिथे शुश्रूषेची गरज वाढत गेली. तपासणी मात्र उंबरठ्याबाहेरच थांबली आहे.

हे काम करणाऱ्या आया, मावशी व मामा बहुधा ‘ब्यूरो’मार्फत, म्हणजे शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या खाजगी संस्थेमार्फत, येतात. घरची मंडळी पैसे ब्यूरोकडे भरतात, ब्यूरो आपले कमिशन कापून उरलेली रक्कम देतो, आणि खाडा झाला की त्या दिवसाचा पगार बुडतो. ड्यूटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवणे, अंघोळ घालणे, भांडे देणे, नळीतून भरवणे ही कामे एकटीने करावी लागत असल्याने पाठदुखी हा या व्यवसायाचा नेहमीचा आजार आहे. रुग्णाच्या उशाशी बहुतेक घरांत एक वही असते, तीत औषधाची वेळ, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रात्री किती वेळा उठावे लागले हे आयाच लिहिते. तिने किती तास काम केले याचा तोच बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो, पण तो मागायला कोणताही अधिकारी येत नाही.

याचे कारण घराच्या खाजगीपणात शोधले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात रुग्णालयांतील नोकरी किमान वेतनाच्या अनुसूचीत, म्हणजे ते वेतन ज्या कामांना लागू होते त्यांच्या यादीत, होती, घरकाम नव्हते; त्यामुळे तीच बाई तेच काम रुग्णालयात करी तेव्हा तपासणीच्या कक्षेत येई, आणि रुग्णासोबत त्याच्या घरी गेली की कक्षेबाहेर पडे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याच्या बहुतेक तरतुदी 2025 च्या दुरुस्तीआधी दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होत, आता वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतात, आणि पाठवलेल्या आया आपल्या नोकर नाहीत असे ब्यूरोने म्हटले की त्याच्या पटावर दोन-तीन माणसेच उरतात. 2008 च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने 18 ते 60 वयोगटातील कामगारांना नोंदणी व कल्याणकारी लाभ दिले. कामाचे तास ठरवणारी किंवा मालकाची तपासणी करणारी यंत्रणा मात्र उभी केली नाही.

पुण्यात घरकामाच्या अटी सुधारल्या त्या मुख्यतः संघटनेमुळे. 1980 च्या मोलकरणींच्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगारवाढ, भरपगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या घरोघरी पोहोचल्या. शुश्रूषेच्या कामात असे बळ कमी पडते, कारण आया रुग्णागणिक घर बदलते आणि तिची कामे ब्यूरोच्या हाती असतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 मधील 189 व्या कराराचे 17 वे कलम खाजगीपणाचा मान राखून घरात तपासणीची वाट मोकळी करते. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. उरुग्वेच्या 2006 च्या कायद्यात उल्लंघनाचा सबळ संशय असल्यास न्यायालयाच्या आदेशाने निरीक्षक घरात जाऊ शकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने किमान वेतन अनुसूचीच्या बंधनातून सोडवले आणि निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकर्ता’ केले. तरी घर हे ‘आस्थापना’ ठरते का, हा प्रश्न तिने मिटवलेला नाही, आणि औद्योगिक संबंध संहितेने घरगुती सेवेला ‘उद्योगा’च्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. अशा स्थितीत रुग्णाच्या खोलीत न शिरताही तपासता येण्यासारखी जागा ब्यूरोचे कार्यालय हीच आहे: कोणाला कुठे पाठवले, किती तासांसाठी, घराकडून किती घेतले आणि आयाला किती दिले. छत्तीसगडने 2013 मध्ये आणि झारखंडने 2016 मध्ये अशा खाजगी संस्थांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदे केले, आणि 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठीच्या कायद्याचा विचार करण्यासाठी केंद्राला समिती नेमायला सांगितले.