ग्रंथप्रामाण्य आणि ट्राउट मासा

मासे धरण्याच्या नियमांवरून सुशिक्षित माणसांनीं पाव शतकाहून अधिक काळ वाद घालावा, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवलाचें वाटेल. परंतु इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्यांत टेस्ट आणि इचेन या नद्यांच्या कांठीं तसा वाद झाला, आणि तो केवळ माशांचा नव्हता असें आम्हांस वाटतें.

या पद्धतींत गळाला गांडूळ लावीत नाहींत. पिसें, लोकर व रेशीम यांची कृत्रिम माशी बांधतात. युक्ति जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक तांबड्या लोकरीची व कोंबड्याच्या पिसांची अशी माशी करतात, असें ईलियन या रोमन लेखकानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला, व १६७६ च्या आवृत्तींत चार्ल्स कॉटननें या कलेवर स्वतंत्र भाग जोडला.

टेस्ट व इचेन यांचें पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतें. म्हणून तें अतिशय निर्मळ असतें. मनुष्याला मासा दिसतो, तसाच माशाला मनुष्यही दिसतो. अशा पाण्यांत फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यानें जॉर्ज मॅरियट या मित्राच्या साह्यानें वर्षानुवर्षें कीटकांचें निरीक्षण केलें, आणि १८८६ व १८८९ सालीं दोन ग्रंथ लिहिले. मासा पृष्ठभागावर कोणता कीटक टिपतो तें ओळखावें, त्याच्यासारखी कोरडी, तरंगती माशी करावी, आणि ती प्रवाहाच्या वरच्या दिशेस हलकेच टाकावी, हें त्याचें सूत्र. मुळांत तें अनुभवाचें फळ होतें. पुढें अनुयायांनीं त्याचें धर्मशास्त्र केलें, आणि बुडती माशी वापरणारा जणू भ्रष्ट ठरला.

लंडनचा एक वकील, जी. ई. एम. स्क्यूज, १८८३ पासून इचेनवर जात असे. मासा पृष्ठभागाजवळ खळबळ करतो, पण तरंगत्या माशीकडे ढुंकूनही पाहत नाहीं, हें त्यानें ध्यानांत घेतलें. धरलेल्या माशांच्या पोटांतील ऐवज बशींत पसरून तो पाहूं लागला. त्यांत पंख न फुटलेले, पाण्याखालचे बालकीटक विपुल आढळले. १९१० सालीं त्यानें ग्रंथ लिहून मत मांडलें. कोरडी माशी टाकून द्या, असें तो म्हणत नव्हता. मासा खालीं खात असेल तेव्हां खालचेंच खाद्य दाखवा, इतकेंच त्याचें म्हणणें होतें.

तरीही १९३८ च्या फेब्रुवारींत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत या प्रश्नावर सभा भरली, आणि एकुणऐंशी वर्षांच्या स्क्यूजला स्वतःच्या बाजूनें बोलावें लागलें. त्याच वर्षीं इचेनवरील त्याचें ठिकाण सुटलें. १९४९ सालीं तो वारला. पुढें त्याची रीत सर्वत्र मान्य झाली, तथापि कांहीं ठिकाणीं तरंगत्या माशीचाच नियम अद्याप चालू आहे.

हॅलफर्डच्या पक्षाला आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. साधनांना मर्यादा घातल्यानें शिकारीची हांव आवरते, आणि संयमाचा नियम सत्यावर नव्हे, तर स्वेच्छेवर उभा राहूं शकतो. परंतु संयमाच्या नियमाला निसर्गाचा नियम म्हणूं लागलें कीं घोटाळा होतो. शास्त्रापेक्षां रूढि बलवत्तर, हें आपल्याकडे म्हणतात तें इतरत्रही खरें आहे. ज्यानें डोळे उघडे ठेवून सूत्र बांधलें, त्याचेच शिष्य डोळे मिटून तें पाठ करतात.

शरद ऋतु सरत येतो. ट्राउटची मादी नदीच्या तळच्या गोट्यांत खळगा करून अंडीं घालण्याच्या तयारीला लागते, आणि दोन्ही पक्षांना आपले गळ आवरावे लागतात. तो एक नियम मात्र माशानेंच घालून दिलेला आहे. त्याच्याविषयीं वाद नाहीं.