प्रतीचा मागोवा: पैठणपासून पीडीएफपर्यंत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ लिहून झाल्याला तीनशे वर्षे होत आली होती. हातोहात उतरवलेल्या पोथ्यांत कुठे ओळी गळल्या होत्या, कुठे कुणी आपल्याच ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पोथ्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शेवटी बजावले की या ग्रंथात यापुढे कुणी स्वतःची ओवी घालू नये. पोथी उतरवून घ्यायला मनाई नव्हती, पाठ बिघडवायला होती. पुस्तकांच्या पायरसीवरून आज जो वाद चालतो, त्याचा मराठीतला सर्वांत जुना धागा मला इथे सापडतो.

प्रत काढणे तेव्हा कष्टाचे काम होते. पोथी संपली की लेखनिक आपले नाव, गाव, शक आणि तिथी लिही. मान-पाठ मोडून हे लिहिले आहे, तेव्हा तेलापाण्यापासून जपा, अशी विनवणीही करी. प्रत कुणी काढली, हे प्रतीवरच लिहिलेले असे. चूक सापडली तर कुणाला विचारायचे, तेही वाचणाऱ्याला कळे.

याच गोदाकाठी दुसरी रीतही होती. चक्रधरस्वामींचा पैठणात बराच वावर होता आणि त्यांच्या मागे महानुभावांनी मराठीत विपुल लिहिले. ते लिखाण पंथाने सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. परक्यांच्या हाती पडून त्याची मोडतोड होऊ नये, हा हेतू समजण्यासारखा होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तोवर ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिला. कुलपामुळे ग्रंथ वाचला, वाचक मात्र गमावले.

पाठ सांभाळून पोथी मोकळी सोडायची की पोथीलाच कुलूप घालायचे, हा प्रश्न पुढे प्रत्येक नव्या यंत्राने पुन्हा उभा केला. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापली. छपाईबरोबर आधी पैसा घालून मग गिऱ्हाइकाची वाट पाहणारा प्रकाशक आला आणि त्याच्यापाठोपाठ कायदा. आजचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. मग झेरॉक्स आले आणि प्रत काढायला ना अक्षर लागले ना वेळ. लेखनिकाचे नाव पुसले गेले ते इथे.

या टप्प्यावर एका दूरच्या धंद्याकडे वळतो, कारण आपल्या प्रकाशकांपुढचा पेच त्याने आधी सोसला आहे. हा धंदा रोल-प्लेइंग खेळांचा: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, फासे पडतात आणि बोलता बोलता कथा घडत जाते. या खेळात विकायचे असते ते मुख्यतः नियमांचे पुस्तक. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेत निघाला तो अवघ्या हजार प्रतींचा. हजार प्रती! मराठी कादंबरीची पहिली आवृत्तीही साधारण एवढीच असते. मागणी वाढली, छापील प्रत सगळ्यांना मिळेना, तेव्हा खेळाडूंनी सरळ झेरॉक्स काढल्या. खेळ पसरला त्यात या चोरट्या प्रतींचाही वाटा होता. पात्राची माहिती भरायच्या कागदावर तर पुढे प्रकाशक कंपनीनेच, स्वतःच्या वापरासाठी झेरॉक्स काढायला परवानगी आहे, असे छापले.

पीडीएफच्या काळात हा समजूतदारपणा आटला. २००९ च्या मार्चमध्ये निघालेल्या याच खेळाच्या एका नियमपुस्तकाच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरू लागल्या. प्रकाशक ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ८ जणांवर दावे लावले आणि एप्रिलमध्ये आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका फटक्यात थांबवली. चोरट्या प्रती फिरतच राहिल्या. ज्याला पैसे देऊन पीडीएफ घ्यायची होती, त्याचीच वाट बंद झाली. विक्री पुन्हा सुरू व्हायला २०१३ चा जानेवारी उजाडला. या खेळांचे बहुतेक प्रकाशक दोन-चार माणसांचे असतात, त्यांना असा हट्ट परवडत नाही. ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ या दुकानानेही आरंभी कुलूपबंद फाइली विकल्या. ग्राहक चिडले, तेव्हा कुलूप काढून पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव छापायची सोय केली. लेखनिकाच्या जागी आता घेणाऱ्याचे नाव आले. मला हा उपाय सर्वांत शहाणा वाटतो: यात ग्राहकाला चोर समजलेले नाही, आणि प्रत कुणाची हेही विसरलेले नाही.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकण्या-शिकवण्यापुरत्या प्रतींना कायद्यात जागा आहे, ही त्यातली समज. पुढे चोरी मोबाईलवर गेली. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या नीतू सिंग यांचे साहित्य टेलिग्रामवर वाटले जात होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितले. निनावी प्रतीमागचे नाव अखेर न्यायालयाला विचारावे लागले.

मराठवाड्यातल्या गावांतून संभाजीनगरला एमपीएससीच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांना पुस्तकाची किंमत दोनदा वाचावी लागते. त्यांच्यावर मी डोळे वटारणार नाही. पण हजार प्रतींच्या आवृत्तीवर जगणारा इथला प्रकाशक आणि वर्षाकाठी तुटपुंजी रॉयल्टी मिळणारा लेखक यांचे नुकसान खरे आहे, आणि ग्रुपवर पीडीएफ टाकून ‘ज्ञानदान’ म्हणणाऱ्याने ते मान्य केलेच पाहिजे.

सगळ्याच प्रतींना मात्र एक माप लावता येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा कॉपीराइट, मृत्यूनंतरची ६० वर्षे भरून, १ जानेवारी २०१७ ला संपला. राज्य शासन त्यांचे लेखन आणि भाषणे १९७९ पासून खंडांत छापत आले आहे. पण खंड मागितले की मिळतातच असे नाही. रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. दरम्यान परराष्ट्र मंत्रालयाने इंग्रजी खंडांच्या पीडीएफ विनामूल्य खुल्या केल्या आहेत. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातल्या मुलाने त्यातला खंड उतरवून मित्राला पाठवला, तर तो कुणाचे काही हिरावत नाही. शहरातल्या प्रकाशकाच्या ताज्या कादंबरीचे तसे नाही. तिची पीडीएफ प्रकाशकाने स्वतःच, घेणाऱ्याचे नाव छापून, चहा-नाश्त्याच्या पैशांत विकायला काढावी. ती तशी मिळू लागली की ग्रुपवर मागणाऱ्याला ‘विकत घे’ म्हणण्याचा हक्क आपल्याला येईल.