रॅपमधील बढाई

रॅप गीतात स्वतःचे कसब, कमाई आणि आकांक्षा यांचे चढ्या आवाजात केलेले वर्णन. ही परंपरा मुळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आहे. रॅपच्या कितीतरी आधीपासून त्यांच्यात ‘टोस्ट’ ही यमकबद्ध मौखिक कथने आणि ‘डझन्स’ हा एकमेकांना शब्दांनी चीत करण्याचा खेळ रुजलेला होता. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने १९६० च्या दशकात लढतीआधी यमके जुळवून प्रतिस्पर्ध्याला डिवचले आणि ही रीत देशभर पोचवली.

रॅप ज्या हिप-हॉप संस्कृतीत घडले तिचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने रंगवलेल्या पार्टीपासून मानतात. सुरुवातीची बढाई मुख्यतः माइकवरच्या हुकमतीची होती. शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये (१९७९) मोटारी आणि रंगीत टीव्ही आले, तरी खरी ऐट शब्दांचीच राहिली. एरिक बी. आणि रकीम यांच्या ‘पेड इन फुल’ (१९८७) या अल्बमच्या मुखपृष्ठावर नोटा आणि सोन्याच्या जाड साखळ्या झळकतात; शीर्षकगीतातला माणूस मात्र रिकाम्या खिशाने सचोटीच्या कमाईचा विचार करतो आहे.

या परंपरेतले सर्वांत हृद्य गीत म्हणजे नोटोरियस बी.आय.जी.चे ‘ज्यूसी’ (१९९४). उबेविना काढलेला हिवाळा, घरमालकाने केलेला अपमान, सार्डिन माशांवर भागवलेले रात्रीचे जेवण. आणि त्यांना लागूनच व्हिडिओ गेम, भलामोठा टीव्ही, आईच्या अंगावरचा फरचा कोट. प्रत्येक नव्या वस्तूमागे ती नसतानाचे दिवस उभे आहेत, म्हणून ऐकणाऱ्याला हेवा न वाटता आनंदच होतो. पुढे अनेकांनी वस्तूंची यादी तेवढी उचलली आणि आठवण सोडून दिली. अशी गीते लवकर शिळी होतात.

ब्रुकलिनमधील मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढलेल्या जे-झीने बढाईचा रोख खर्चाकडून मालकीकडे वळवला. मोठ्या कंपन्या करार करीनात, तेव्हा त्याने दोन भागीदारांसह रॉक-अ-फेला रेकॉर्ड्स काढली आणि १९९६ मध्ये ‘रीझनेबल डाउट’ हा पहिला अल्बम आणला. ‘४:४४’मध्ये (२०१७) तो जमीनजुमला, चित्रसंग्रह आणि मुलांना मागे ठेवायचा वारसा यांविषयी बोलतो. ज्या कृष्णवर्णीय समाजाला घरासाठी कर्ज नाकारून पिढ्यान्‌पिढ्या मालमत्तेपासून दूर ठेवले गेले, त्याच्या तोंडी ही भाषा राजकीयच ठरते. २०१९ मध्ये ‘फोर्ब्ज’ने त्याला हिप-हॉपमधला पहिला अब्जाधीश ठरवले.

पुरुषांच्या अनेक गीतांत स्त्री ही मोटारी-दागिन्यांच्या रांगेतली आणखी एक वस्तू होते. हा दोष गंभीर आहे. शैलीचा भाग म्हणून तो माफ करता येत नाही. लिल किम, निकी मिनाज या स्त्री रॅपरनी तीच बढाई स्वतःच्या तोंडी घेतली. कार्डी बीने ‘बोडॅक यलो’मध्ये (२०१७) क्लबात नाचून पोट भरल्याचे दिवस लपवले नाहीत. हे गीत बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत पहिले आले. एकट्या स्त्री रॅपरला हे स्थान १९९८ मधील लॉरिन हिलनंतर प्रथमच मिळाले.

भारतीय रॅपमध्ये मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने (२०१५) पैशाआधी गल्लीचा अभिमान मांडला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरील वस्तीतून आलेला एमसी स्टॅन वस्तीचे दिवस आणि गळ्यातल्या महागड्या साखळ्या एकाच दमात सांगतो. २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकल्यावर तो रॅप न ऐकणाऱ्या घरांतही पोचला.