केसरीचे संपादक, दिल्लीचे सभासद

बडोद्याच्या जुन्या वाचकांना न. चिं. केळकर आठवतात ते १९२१ साली येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. ‘सविकल्प समाधी’चा सिद्धांत त्यांनी त्याच व्यासपीठावरून मांडला. वाचक परक्याच्या सुखदुःखाशी समरस होतो, तथापि स्वतःचे भान गमावीत नाही, हे त्याचे सार. केळकरांच्या राजकारणाचे मर्मही मला यातच दिसते.

१८९६ साली साताऱ्याची वकिली सोडून केळकर टिळकांकडे पुण्यास आले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या खटल्यावर ‘मराठा’त केलेल्या टीकेपायी न्यायालयाच्या बेअदबीचा ठपका येऊन त्यांनाही चौदा दिवसांचा कारावास घडला. टिळक मंडालेस असतानाच १९१० साली ‘केसरी’ची धुरा त्यांच्याकडे आली. सरकारचे प्रत्येक पाऊल पारखायचे, दोष निर्भीडपणे दाखवायचे आणि पदरात पडेल ते हक्क वापरून पुढचे मागायचे, ही शिस्त त्यांना संपादकीय लेखणीने लावली.

१९२० साली टिळक निवर्तले आणि असहकाराचे युग सुरू झाले. केळकर १९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. पक्षाचे धोरण अडवणुकीचे होते. १९२५ साली मध्य प्रांतात श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले, आणि मोतीलाल नेहरू व महाराष्ट्रीय पुढारी यांच्यातील मतभेद विकोपास गेले. केळकर, जयकर व डॉ. मुंजे यांनी टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार करीत वेगळी चूल मांडली. कायदेमंडळात शिरावे, अधिकारपदही घ्यावे, परंतु विरोधाची धार बोथट होऊ देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

या मध्यममार्गाचे मोल त्यांना द्यावे लागले. लोकमत गांधीजींमागे गेले. ज्या वाचकांना टिळकांच्या ‘केसरी’ने घडविले होते, त्यांतलेही अनेक दुरावले. पुढे हिंदू महासभेचे नेतृत्व पत्करल्याने हे अंतर आणखी वाढले. जनतेची नाडी ओळखणारा संपादक जनतेच्या नव्या उत्साहापासून अलिप्त राहिला, ही त्यांच्या चरित्रातील मोठी विसंगती होय. समरस होण्यापेक्षा भान राखण्याकडेच त्यांचा कल अधिक होता, असे म्हणावे लागते.

तरीही टाळ्यांसाठी त्यांनी मत बदलले नाही. टिळकचरित्राचे तीन खंड आणि ‘गतगोष्टी’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपल्या काळाची साक्ष नोंदविली. स्वातंत्र्याची पहाट पाहून १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ते गेले. त्यांचा मार्ग मान्य नसलेल्यानेही ही साक्ष एकदा वाचावी. मतभेद राखूनही लेखकाशी समरस होता येते, हे त्यांनीच या नगरीत सांगितले होते.