संपंगी तलावाचे उरलेले पाणी

बंगळूरचा उल्लेख होताच मराठी माणसास शहाजीराजांचे स्मरण होते. १६३८ साली विजापूरकरांनी हे नगर जिंकले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीत आले. त्या काळाच्या खुणा शोधणारा मराठी प्रवासी जुन्या किल्ल्यापाशी थांबतो. पण ज्या पाण्यावर ते नगर जगले, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या या नगराजवळ मोठी नदी नाही. म्हणून येथील उंचसखल भूमीवर बांध घालून तलावांच्या माळा रचल्या गेल्या. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी खालच्यात उतरे. संपंगी तलाव त्यांपैकीच एक. त्याच्या पाण्यावर तिगळ समाजाचे माळी भाजीपाला पिकवीत.

१८९६ साली हेसरघट्ट्याचे पाणी नळांवाटे शहरात आले. तलावांची गरज सरली, तशी त्यांची राखणही सरली. विसाव्या शतकात संपंगी आटविला गेला. त्याच्या जागी आज कंठीरव क्रीडागार आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा तेथेच झाल्या.

तरीही तलाव अगदीच नाहीसा झाला नाही. चैत्र पौर्णिमेस धर्मराय मंदिराचा करग उत्सव होतो. द्रौपदीस आदिशक्ती मानणाऱ्या तिगळांच्या या उत्सवातील विधींत संपंगीच्या पाण्याला स्थान आहे. त्यासाठी क्रीडागाराच्या कडेला तलावाचा एक लहानसा तुकडा राखला गेला. मळे गेले, माळ्यांचा धंदा गेला. परंतु वर्षातून एकदा तिकडे वळणाऱ्या पावलांनी एवढे पाणी वाचविले.

पुढे सरकारलाही जाग आली. उरलेल्या तलावांचा विचार करण्यासाठी १९८५ साली लक्ष्मण राव समिती नेमली गेली. पण समितीच्या अहवालाने तलाव वाचत नाहीत. त्यांना माणसे लागतात. शहराच्या आग्नेयेकडील कैकोंड्रहळ्ळीचा तलाव रहिवाशांनी महापालिकेच्या साहाय्याने पुन्हा जिवंत केला आणि तेथे ‘केरे हब्बा’, म्हणजे तलावाचा सण, भरविला. नोकरीधंद्यासाठी ठिकठिकाणांहून आलेल्या वस्तीत हा नवा सण सुरू व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. तिगळांना जे परंपरेने ठाऊक होते, ते या नवागतांनी अनुभवाने ओळखले.

आपणही या नगरीत नवागतच. शहाजीराजांचा अभिमान बाळगणाऱ्याने चैत्रात एकदा त्या लहानशा पाण्यापाशीही जाऊन यावे.