गायतोंडे यांनी काय काय सोडलं?

मागच्या महिन्यात धाराशिवला घरी गेले होते. पेट पास झालेला एक जण सिनॉप्सिस दाखवायला आला. विषय : 'तेरणा खोरे : पाणी, माती, पिके आणि आरोग्य'. म्हटलं, "अरे, यात चार पीएच.डी. आहेत." तर म्हणतो, "ताई, विषय लहान केला तर काम लहान दिसेल ना!"

पहिल्या वर्षी मलाही हीच भीती होती. तुम्हालाही असेल, म्हणून आज एका चित्रकाराबद्दल.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसं काढत. भारतीय लघुचित्रं आणि पॉल क्ले यांचा अभ्यास त्या चित्रांत दिसतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी मात्र त्यांनी आकृती सोडली. पुढे बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून मोठे कॅनव्हास बहुतेक उभेच.

मग उरलं काय? रंग, प्रकाश आणि पृष्ठभाग. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने काही भाग खरवडायचा, पुन्हा थर. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. बाकी वेळ बघण्यात आणि विचारात जायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी बरेचसे व्हेरिएबल स्थिर ठेवले. म्हणून उरलेल्या दोन-तीन गोष्टींतला बारीक फरकही डोळ्यांत भरतो. प्रयोगात कंट्रोल कशाला ठेवतो आपण? याचसाठी ना!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गायतोंडे यांना आकृती काढता येत होती, आणि मग त्यांनी ती सोडली. जमत नाही म्हणून टाळणं वेगळं, जाणून सोडणं वेगळं. आपला लिटरेचर रिव्ह्यू असतो तो यासाठीच. आधी सगळं खोरं बघायचं, मग एक विहीर निवडायची.

काही मर्यादा मात्र लादल्या जातात. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांना मोठे कॅनव्हास करता येईनात. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. नंतर ते पुन्हा तैलरंगांकडे वळले. २००१ मध्ये ते गेले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. थोडक्या चित्रांचं काम काही लहान दिसलं नाही.

एक फरक आहे. गायतोंडे यांना सोडण्याचं कारण लिहून द्यावं लागलं नाही. तुम्हाला 'स्कोप अँड लिमिटेशन्स'मध्ये ते द्यावंच लागेल.

आमच्या त्या मुलाचा विषय आता असा आहे : तेरणा धरणाखालच्या विहिरींतलं नायट्रेट, पावसाळ्याआधी आणि नंतर. माती, पिकं, आरोग्य त्याने एका वेगळ्या कागदावर उतरवलंय. वर लिहिलंय, 'सोडलं, कारण...' तुम्हीही आज तो कागद करा.