लाल केसांचा सुआन

व्हिएतनाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हेलिकॉप्टरं, जंगल आणि अमेरिकन सैनिक. सगळी हॉलिवूडची कृपा! पण तिथले कादंबरीकार त्या युद्धाच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते. त्यातला माझा सर्वात लाडका म्हणजे वू त्रोंग फुंग.

जन्म १९१२चा, हनोईतला. वडील तो तान्हा असतानाच क्षयाने गेले. शाळा सुटली, थोडी कारकुनी केली आणि मग गडी वर्तमानपत्रांत शिरला. वेळ अगदी योग्य होती. चिनी लिपीतल्या जुन्या सरकारी परीक्षा १९१९मध्ये बंद झाल्या होत्या आणि मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात बसवलेली रोमन लिपी शाळांमधून शिकवली जात होती. नवा वाचक तयार झाला, त्याच्यासाठी वर्तमानपत्रं निघाली आणि त्यांना क्रमशः कादंबऱ्या हव्या होत्या.

१९३६मध्ये 'सो दो' अशीच क्रमशः सुरू झाली. नायक लाल केसांचा सुआन, टेनिसच्या कोर्टावर चेंडू गोळा करणारा. हा हनोईतल्या साहेबी 'सुधारकां'मध्ये शिरतो. पूर्वी औषधांची जाहिरात ओरडत फिरलेला, त्यामुळे ती तोंडपाठ. लोक त्याला डॉक्टरच समजतात. शेवटी सयामच्या खेळाडूशी मॅच मुद्दाम हरतो आणि राष्ट्रीय वीर ठरतो. का, तर म्हणे युद्ध टळलं!

१३ ऑक्टोबर १९३९ला फुंगही क्षयानेच गेला. सत्ताविसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. म्हणजे माझ्यापेक्षाही लहान.

खरी गोष्ट पुढेच आहे. फ्रेंच गेले, उत्तरेत कम्युनिस्ट राजवट आली. १९५६च्या सुमारास हनोईतल्या काही लेखकांनी लिहिण्याचं स्वातंत्र्य मागितलं आणि फुंगला आपला आदर्श मानलं. ती चळवळ चिरडली गेली, तशी मेलेल्या फुंगलाही शिक्षा झाली. पुस्तकांवर बंदी! ती उठली १९८६च्या 'दोई मोई' सुधारणांच्या काळात. नंतर तर आजोबांच्या अंत्ययात्रेत खुश झालेल्या कुटुंबाचं प्रकरण थेट शालेय पाठ्यपुस्तकात आलं.

मेलेल्या माणसाची एवढी भीती कशाला? मला वाटतं, उसन्या घोषणांवर मोठी होणारी माणसं प्रत्येक राजवटीत असतात. सुआनमध्ये त्यांना आपला चेहरा दिसत असणार. आणि सुधारणा आल्या म्हणून सगळं मोकळं झालं असंही नाही. १९९१मध्ये बाओ निन्हच्या युद्धकादंबरीला लेखक संघाचं पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी कादंबरीकार दुआंग थु हुआंग तुरुंगात गेली.

असो. 'सो दो'चा इंग्रजी अनुवाद २००२मध्ये 'डम्ब लक' नावाने आलाय. मिळाला तर जरूर वाचा. हसाल, आणि हसता हसता आपल्या आजूबाजूचे दोन-चार सुआन नक्की आठवतील.